शिंगाड्याच्या तलावाचा फोटो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्यांच्यासोबत एका सतरंजीवर बसून फोटोचोरांना वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, त्या दोस्तांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण मलाही नीट ठाऊक नाही. तोंड उघडलंय, तेवढ्यात सांगून टाकतो.

पण आधी मला थोडा राग काढू द्या. चंद्रपुरात मला जे ओळखतात ते या रागामुळेच ओळखतात. तुमचा फोटो कधी चोरीला गेलाय? तुम्ही स्वतः काढलेला? जंगलात उकिडवं बसून, पायाला गोचिड्या चिकटवून घेऊन, एका क्षणासाठी अख्खी सकाळ घालवून काढलेला? आणि मग एक दिवस कोणीतरी सांगतं की तो कुठल्याशा हॉटेलच्या वेबसाइटवर आहे. तुम्ही फोन करता. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणतो, नेटवर पडला होता, घेतला. पडला होता म्हणे. जसं काही बाभळीखालची शेंग. त्या दोन शब्दांनी माझं डोकं आजही फिरतं. ज्यानं काढला त्याचं नाव खाली लिहायला किती शाई लागते? विचारायला किती वेळ लागतो?

हा राग खोटा नाही. हे लक्षात ठेवा. पुढं जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की मी सोंग करत होतो. सोंग असतं तर बरं झालं असतं.

मी स्टुडिओवाला. लग्नं, बारशी, फॉर्मला चिकटवायचे फोटो — यावर घर चाललं. जंगलाचे फोटो मी माझ्यासाठी काढायचो. रोलचे दिवस होते. रंगीत रोल लॅबमध्ये द्यायचा, दोन दिवसांनी पाकीट आणायचं, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी पाकीट उघडून बघायचं. सगळे स्टुडिओवाले बघतात. मीही बघायचो.

पुढं गावात इंटरनेटचे कॅफे आले. तिथं मला एका परदेशी वेबसाइटची माहिती मिळाली. जगातल्या कुठल्याही फोटोग्राफरनं तिथं आपले फोटो ठेवायचे. ज्याला जाहिरातीला, पुस्तकाला हवे असतील त्यानं दाम मोजून घ्यायचे. नाव फोटोग्राफरचं राहायचं. दाम देईपर्यंत फक्त छोटा नमुना दिसणार, आणि त्यावरून वेबसाइटचं नाव पुसट अक्षरांत तिरकं छापलेलं. मला वाटलं, अरे, हे तर आपल्यासाठीच. निगेटिव्ह स्कॅन करायचं यंत्र घेतलं. माझे निवडक फोटो पाठवले. जवळपास सगळे परत आले. कारण काय, तर असे हजारो आमच्याकडे आहेत. सागाची पानं, मोहाची फुलं, वाघाचा पंजा — असे हजारो. दोन-चारच घेतले त्यांनी. मी कुणाला सांगितलं नाही. दोस्तांना म्हणालो, सगळे घेतले.

पहिलं खोटं हे असावं. बघा, मी अजून मूळ गोष्टीकडं आलोच नाही.

सिंधूबाई पोंभुर्ण्याकडच्या एका गावातल्या. ढिवराच्या घरच्या — बाप तलावात मासे धरायचा, आई शिंगाडे तोडायची. त्या शिकून नर्स झाल्या आणि गावाजवळच्याच उपकेंद्रावर लागल्या. महिन्याच्या मीटिंगला चंद्रपूरला यायच्या, तेव्हा माझ्याकडं रोल देऊन जायच्या. कॅमेरा माझाच जुना, मीच त्यांना विकलेला. त्यावर पन्नास एमएमची साधी लेन्स, लांबचं जवळ न आणणारी. दुसरी लेन्स घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "जवळ गेलं का दिसते ना, भाऊ."

लसी टोचायला गावोगाव फिरायच्या, तेव्हा कॅमेरा पिशवीत. बाळंतिणीचे, म्हाताऱ्यांचे, खाटेवर वाळत घातलेल्या मोहाचे फोटो काढायच्या आणि पुढच्या फेरीला ज्याचा त्याला नेऊन द्यायच्या. कित्येक घरांत भिंतीवर असलेला एकुलता एक फोटो त्यांनी काढलेला होता. त्यांना आपण काही मोठं करतोय असं वाटत नसे. मला मात्र त्यांचं पाकीट उघडताना — कसं सांगू — मला हेवा वाटायचा. मी महागडी लेन्स लावून झाडामागं लपायचो. त्या सरळ समोर उभ्या राहायच्या.

त्यांच्या क्वार्टरला ओल होती. पावसाळ्यात फिल्मला बुरशी धरते. मीच म्हणालो, निगेटिव्ह माझ्याकडं ठेवा. माझ्याकडं कोरडं कपाट होतं, आत बल्ब जळत असायचा. त्यांनी सगळ्या निगेटिव्ह आणून दिल्या. एका पिशवीत, वर्षवार दोरे बांधून. विश्वासानं. हा शब्द तोंडात यायला नको होता, पण दुसरा सापडत नाही.

आता तो फोटो.

दिवाळीच्या आसपासचा. गावचा तलाव शिंगाड्याच्या पानांनी गच्च भरलेला, पाणी दिसूच नये इतका. त्यात कमरेएवढ्या पाण्यात एक बाई, पाठमोरी, शिंगाडे तोडत पुढं चाललेली. ती जिकडून गेली तिकडची पानं बाजूला झालीत आणि तिच्या मागं काळ्या पाण्याची वाट उघडलीय. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून काढलेला. बाई म्हणजे सिंधूबाईंची आई. मी तो पाकिटातून काढला आणि स्टूलवर बसलो. पंधरा वर्षं मी जे शोधत होतो ते एका नर्सनं ड्युटीवर जाता जाता काढलं होतं.

मी तो स्कॅन केला. तेवढ्यापुरता, बघायला. मग वेबसाइटवर चढवला. तिथं नाव टाकायची जागा होती. मी माझं नाव टाकलं. चेहरा दिसत नव्हता, म्हणून फोटोतल्या माणसाचं संमतीपत्रही लागलं नाही. किती सोयीचं, नाही? परत येतील तेव्हा सिंधूबाईंना सांगू, नाव बदलून घेऊ, असं मी स्वतःला सांगितलं. फोटो लगेच पास झाला. इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा विकला गेला. पैशाच्या मोहानं केलं म्हणावं तर ते चहापाण्याचेच पैसे होते. नाव हवं होतं मला. फोटोखाली माझं नाव वाचायला मी कॅफेत जाऊन बसायचो.

त्या पुढच्या फेरीला सिंधूबाई आल्या. मी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

याच काळात माझे स्वतःचे, खरोखर माझे, दोन फोटो चोरीला गेले. हॉटेलचं आधी सांगितलंच. मी पेटून उठलो. चंद्रपूर-गडचिरोलीचे पंधरा-वीस फोटोग्राफर गोळा केले, एका शाळेच्या खोलीत मीटिंगा घेतल्या. नेटवर मोठा फोटो कधी टाकू नका, लहान टाका. कोपऱ्यात नाव टाकलं तर ते कापून फेकतात, फोटोच्या मधोमध टाका. चोरी दिसली की त्या पानाची छापील प्रत काढून ठेवा, नाहीतर ते पान गायब करतात. वेबसाइटवाल्यांना लेखी कळवा. मी पोरांना पत्रांचे मसुदे लिहून दिले. दोघा-तिघांना माफी मिळवून दिली. हे सगळं मी केलं, आणि चांगलं केलं. प्रत्येक मीटिंगमध्ये एक वाक्य ठरलेलं असायचं: निगेटिव्ह सांभाळा, ज्याच्याकडं निगेटिव्ह त्याचा फोटो.

हे म्हणताना माझा आवाज कापायचा का? नाही. एकदाही नाही.

मग एका जानेवारीत सिंधूबाई मीटिंगचा दिवस नसताना आल्या. हातात गुंडाळलेलं कॅलेंडर. एका खत कंपनीचं, कृषी केंद्रात फुकट वाटतात तसलं. काउंटरवर उलगडलं. शिंगाड्याचा तलाव, काळ्या पाण्याची वाट, पाठमोरी बाई. खाली युरियाची जाहिरात.

"आईनं पाह्यलं," त्या म्हणाल्या. "दुकानात गेली होती. मले येऊन सांगते, माही पाठ टांगून ठेवली म्हणे भितीवर."

त्या रागावलेल्या होत्या, पण त्यांचा राग म्हणजे आवाज आणखी खाली जाणं. बोटानं त्यांनी आईचं कोपर दाखवलं. तिरकी अक्षरं तिथून गेलेली, ती पुसताना कोपरही पुसलं होतं. पाण्यात दुधाळ डाग राहिला होता.

"हे पाहा. हात खाऊन टाकला तिचा."

आणि मला संताप आला. खरा संताप. काय भिकार काम, अक्षरंसुद्धा नीट पुसता येत नाहीत. माझ्या तोंडून निघालं, "चोर साले." ऐका — त्या क्षणी मी साफ विसरलो होतो की फोटो माझा नाही. माझा फोटो चोरला, असंच माझ्या डोक्यात होतं. त्या समोर उभ्या असताना.

"त्यायले कुठून भेटला असन, भाऊ? मी तं कोणाले देल्ला नाई."

हीच ती वेळ. पाच शब्द पुरले असते. मी म्हणालो, "लॅबमधून गेला असेल. त्या लोकांचा काही भरवसा नाही."

लॅबवाला बिचारा. त्यानं आयुष्यात कुणाचा एक प्रिंट जास्त काढला नव्हता.

"तुमी सगळ्याइचे पत्रं लिहून देता," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी एक लिहा. पैसे नको मले. खाली आईचं नाव लिहा म्हना, आन् हा हात बराबर करा म्हना."

मी पेन घेतलं. हो, पेनही घेतलं. आणि मग म्हणालो, पण निगेटिव्ह लागेल.

"ते तं तुमच्यापाशीच आहेत."

मी पेनाचं टोपण लावलं. म्हणालो, गेल्या पावसात कपाटातला बल्ब गेला होता. बुरशी धरली. टाकून द्याव्या लागल्या.

"सगळ्या?"

"सगळ्या."

बारा वर्षांचं काम होतं ते. किती घरं, किती म्हातारी माणसं, जी आता नाहीत. मी एका शब्दात जाळलं. कपाट त्यांच्या मागं चार हातांवर होतं आणि आत बल्ब चालू होता. त्यांनी कॅलेंडर हळूहळू गुंडाळलं. म्हणाल्या, "तुमी तरी काय करान." माझी समजूत घातली हो त्यांनी. पायरी उतरताना परत वळून म्हणाल्या, पावसाचं काही खरं नसते.

याहून खाली जाता येत नाही असं तुम्हाला वाटत असेल. येतं.

त्याच आठवड्यात मी त्या कंपनीला पत्र लिहिलं. माझ्या नावानं. सोबत पुरावा म्हणून निगेटिव्हच्या पट्टीची प्रत जोडली, मागचा-पुढचा फोटो दिसेल अशी, म्हणजे शंकाच नको. कपाट उघडलं, दोरा सोडला, पट्टी काढली. असं वाटत होतं की मी चोराला धडा शिकवतोय. कंपनीचं उत्तर आलं: चूक झाली, उरलेली कॅलेंडरं वाटणार नाही, दिलगीर आहोत. ते माफीपत्र मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. एका स्थानिक पेपरनं बातमी छापली. लढवय्या छायाचित्रकार. सोबत तो फोटो, खाली माझं नाव, आणि या खेपेला कोपर शाबूत. आईचं नाव? पेपरवाल्यानं विचारलं होतं, बाई कोण. मी म्हणालो, असेल कोणी मजूर बाई.

खत कंपनीनं तिचं नाव पुसलं नव्हतं, त्यांना ते ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं.

पेपर पोंभुर्ण्यालाही जातो. सिंधूबाई आल्या नाहीत. त्यांच्या महिन्याच्या मीटिंगच्या दिवशीही आल्या नाहीत. मी वाट पाहायचो — त्या येतील, भांडतील, चार लोकांत माझी लाज काढतील. भांडल्या असत्या तर मी काय केलं असतं ठाऊक आहे? निगेटिव्ह दाखवली असती. ज्याच्याकडं निगेटिव्ह त्याचा फोटो. एवढा तयारीत होतो मी.

आली ती त्यांची आई. उन्हाळ्यात, सरकारी निराधार योजनेच्या पगाराच्या फॉर्मसाठी फोटो काढायला. गावचे आणखी दोघं-तिघं होते, सगळे एकाच कामाला आलेले. मी तिला चेहऱ्यानं ओळखलं नाही. नाव विचारलं तेव्हा कळलं. गयाबाई. पदर सारखा करून ती स्टूलवर बसली. मी दिवे लावले, कॅमेऱ्याला डोळा लावला. ती सरळ माझ्याकडं बघत होती. साध्या आवाजात तिनं विचारलं, "भाऊ, त्या दिशी पाळीवर तं सिंधू होती. मी तिच्यासंग बोलून राह्यली होती. तुमी कुठी होते?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आपल्या नजरेतून हा माणूस कसा सुटला, झाडावर होता की काय.

मी म्हणालो, "मान जरा वर करा, बाई."

आणि बटण दाबलं.

तिनं पुन्हा विचारलं नाही. चार प्रिंट घेतले, पदरात बांधले आणि गेली.

दोन वर्षांनी कळलं की सिंधूबाईंची बदली चामोर्शीकडं झाली, आणि त्यांनी कॅमेरा कुणालातरी देऊन टाकला. निगेटिव्ह नाहीत, लॅबवाले चोर, मग रोल कशाला भरायचा? हे त्यांनी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. पण त्यांना एवढं मीच शिकवलं होतं.

एकदा ती पिशवी घेऊन मी चामोर्शीला गेलो. सगळ्या निगेटिव्ह, दोऱ्यांसकट. बाजाराचा दिवस होता. उपकेंद्रात त्या एका पोराच्या दंडाला पट्टी बांधत होत्या. काम संपेपर्यंत मी बाकावर बसलो. एसटीत पूर्ण भाषण पाठ केलं होतं. त्या समोर आल्या, मी पिशवी पुढं केली, आणि तोंडातून काय निघालं? — "कपाटाच्या मागं सापडल्या."

तिथंही. इतक्या लांब जाऊन, तिथंही.

त्यांनी एक पट्टी काढून खिडकीच्या उजेडात धरली. मग दुसरी. बराच वेळ बघत राहिल्या. कुठल्याशा फोटोवर किंचित हसल्यासुद्धा, माझ्याकडं न बघता.

"बुरशी तं नाई दिसत," त्या म्हणाल्या.

"नाही."

"चहा घेता?"

मी घेतला. बशीत ओतून, फुंकून, सगळा प्यायलो. त्यांनी विचारलं, एसटी किती वाजताची आहे. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग निघा, बाजाराची गर्दी राह्यते.

तुम्ही म्हणाल, त्यांनी माफ केलं. अजिबात म्हणू नका. कुणी मोठ्या मनानं असं म्हणालं की मला चोरांपेक्षा जास्त राग येतो. त्यांनी चहा पाजला, कारण दारात आलेल्याला त्या चहा पाजतात. एवढंच झालं त्या दिवशी.

त्यानंतर मी वेबसाइटवरून फोटो काढून घेतला. काही उपयोग नव्हता. तो शेकडो ठिकाणी पोचला होता. आता तर लोक सुधारलेत. आम्हीच शिकवलं त्यांना — न विचारता घेऊ नका, नाव द्या. ते देतात. कुणी शिक्षक पत्र लिहून नम्रपणे परवानगी मागतो, कुणी मासिकवाला खाली ठळक अक्षरांत छापतो. माझं नाव. चोर होते तेव्हा निदान नावाची जागा रिकामी होती.

पोंभुर्ण्याकडच्या शिंगाड्याच्या तलावाचा तो फोटो सिंधूबाईंनी काढला. त्यातल्या बाईचं नाव गयाबाई. मी त्या दिवशी चंद्रपुरात, स्टुडिओत होतो.